मे महिन्यात गेमिंग पीसी तापतो, अडखळतो, बंद पडतो: नागपुरात लिक्विड कूलर घेण्याआधी काय तपासावं

मार्च सरत आला की नागपुरात खिडकीतल्या कूलरच्या ताट्या बदलायची लगबग सुरू होते, आणि त्याच सुमारास हा प्रश्नही दरवर्षी येतो. "भाऊ, गेम सुरू केला का अर्ध्या तासात पीसी बंद पडून राहिला. लिक्विड कूलर टाकू का?" विचारणारा बदलतो, प्रश्न तोच. गंमत म्हणजे मागच्या उन्हाळ्यात लिक्विड कूलर टाकलेले लोकही यंदा हाच प्रश्न घेऊन येतात. पैसे खर्चूनही दुखणं परत येतं, म्हणजे ते दुसरीकडेच कुठेतरी होतं.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पंख्याचा कूलर असो की पाण्याचा (म्हणजे लिक्विड: पंप प्रोसेसरवरच्या ब्लॉकमधून पाणी फिरवतो आणि पंखे लावलेल्या रेडिएटरमध्ये ते गार होतं), दोघंही शेवटी उष्णता खोलीच्या हवेतच सोडतात. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होणं शक्यच नाही. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असते आणि मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावरची खोली ३८ वर जाते. हे १६ अंश प्रोसेसरच्या तापमानात जवळपास जसेच्या तसे वाढतात. कूलर कितीही महागडा असला तरी हे १६ अंश तो खात नाही.

म्हणून "माझा प्रोसेसर ८८ वर जातो, हे वाईट आहे का?" या प्रश्नाला नागपुरात नुसतं हो किंवा नाही म्हणता येत नाही. पहिला उलटा प्रश्न असतो: तेव्हा खोलीत किती होतं?

फरक मोजा, आकडा नको

साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि पीसी जिथून हवा आत ओढतो तिथे, म्हणजे कॅबिनेटच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. मोबाइलवरचं शहराचं तापमान इथे उपयोगाचं नाही. ते मोकळ्या जागेतल्या सावलीचं असतं, तुमच्या पश्चिमेच्या भिंतीजवळच्या टेबलाचं नसतं. शिवाय केंद्रही कधी कधी चुकतं. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, मग सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं. शहराचा खरा उच्चांक मे २०१३ मधला ४७.९ अंशांचा आहे, आणि तोही काही कमी नाही.

थर्मामीटर लावला की एचडब्ल्यूइन्फो (पीसीतली तापमानं दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू करा, नेहमीचा गेम अर्धा तास खेळा आणि शेवटच्या दहा मिनिटांची सरासरी बघा. क्षणभर उडी मारणाऱ्या कमाल आकड्याकडे लक्ष देऊ नका. प्रोसेसरच्या सरासरीतून खोलीचं तापमान वजा करा. जो फरक उरतो तो तुमच्या कूलरचा खरा दाखला.

समजा हिवाळ्यात प्रोसेसर ७० आणि खोली २२ होती, म्हणजे फरक ४८. आता मे महिन्यात खोली ३८ आहे आणि प्रोसेसर ८६ दाखवतोय. फरक पुन्हा ४८ आहे, म्हणजे कूलर जसा होता तसाच आहे, तापली आहे ती खोली. इथे नवा कूलर घेऊन थोडे अंश कमी होतीलही, पण मूळ कारण तिथे नाही. उलट खोली ३८ असताना प्रोसेसर ९५ ला चिकटून बसला असेल, तर फरक ५७ झाला. हे मधले नऊ अंश धुळीने, प्रोसेसर आणि कूलरमधल्या वाळलेल्या पेस्टने किंवा थकलेल्या पंपाने खाल्ले आहेत. ते शोधता येतात आणि बहुतेक वेळा फुकटात परत मिळतात.

हिवाळ्यातला आकडा कुणाकडेच नसतो हे मला ठाऊक आहे. नसेल तर पहाटे पाचला, खोली सगळ्यात थंड असताना एकदा मोजा आणि दुपारी तीनला पुन्हा. दोन्ही वेळी फरक सारखाच आला तर कूलर खोलीचं तापमान इमानदारीने पुढे ढकलतोय, एवढं तरी कळतं. फक्त दोन्ही वेळी पंखे एकाच वेगावर बांधून ठेवा, नाहीतर दुपारी ते जोरात फिरून फरक झाकून टाकतात.

किती म्हणजे जास्त?

रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालायचे म्हणूनच बनवले आहेत. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ आहे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर साधारण १०० ला वेग आवरतात. मर्यादा गाठली की प्रोसेसर आधी वेग कमी करतो. गेम अडखळतो, फ्रेम पडतात, पंखे ओरडतात, पण पीसी चालू राहतो. त्यामुळे ८५ बघून छातीत धडकी भरायचं कारण नाही. पूर्ण लोडवर रायझन ७७००एक्ससारखा प्रोसेसर ३६०चा (३६० मिमी रेडिएटरचा) लिक्विड कूलर लावूनही ९०च्या पुढे जाऊ शकतो, कारण चिप लहान आणि वरचं झाकण जाड. उष्णता पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच अडते. पाणी कितीही फिरवा, दार अरुंद आहे.

अडखळणं गेममध्येच होत असेल तर ग्राफिक्स कार्डाचे आकडे आधी बघा. गेम खेळताना सगळ्यात जास्त वीज तेच खातं. आरटीएक्स ४०६० सुमारे ११५ वॅट, ३०६० सुमारे १७० वॅट, ४०७० सुपर २२० आणि ४०९० तर ४५०. त्याच वेळी गेममधला प्रोसेसर अनेकदा ६० ते ९० वॅटवर असतो. कार्डाच्या हॉटस्पॉटचा, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचा आकडा त्याच्या साध्या तापमानापेक्षा पंचवीस-तीस अंशांनी वर असेल तर कार्डाची पेस्ट गेली. अशा वेळी प्रोसेसरवर लिक्विड कूलर टाकणं म्हणजे नुसता खर्च.

झटकन काळोख होतो, तेव्हा संशय विजेवर घ्या

अडखळणं वेगळं आणि पीसी पटकन विझणं वेगळं. आजचा प्रोसेसर तापला तर आधी वेग सोडतो. तापून थेट बंद पडणं घडतं, पण तेव्हा बहुतेक वेळा कूलर सैल झालेला असतो किंवा पंप मेलेला असतो आणि आकडा काही सेकंदांत वर जातो. गेम छान चालू आहे, तापमान ८० आहे आणि अचानक काळोख झाला, तर तुमचा चोर उष्णता नसण्याची शक्यता जास्त.

माझा भाचा नंदनवनला राहतो. तिसऱ्या मजल्यावरचं घर, वर थेट गच्ची. आय५-१२४००एफ आणि आरटीएक्स ३०६०. मे महिन्यात रोज संध्याकाळी सात-साडेसातला त्याचा पीसी विझायचा. "मामा, तीनशे साठवाला लिक्विड घेऊ का?" म्हणून त्याचा फोन. मी म्हटलं, दुपारी तीनला, खोली भट्टी झालेली असते तेव्हा बंद पडतो का? "नाही, तेव्हा तर चालते मस्त." मग उष्णतेचा काय दोष? त्याला म्हटलं, काही महत्त्वाचं उघडं ठेवू नको, गेम पूर्ण जोरात चालव आणि यूपीएसची भिंतीतली पिन काढ. त्याने काढली. यूपीएसने एक लांब "टीं" केलं आणि स्क्रीन गेली.

हिशेब साधा होता. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे सुमारे ३६० वॅट. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून गेममध्ये त्याच्या काठावर जातात. संध्याकाळी सगळी वस्ती एसी आणि कूलर लावते, व्होल्टेज खाली येतं आणि यूपीएस बॅटरीवर जातो. उन्हाळ्यात भाजलेली जुनी बॅटरी एवढा भार क्षणभरही पेलत नाही. लेड ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, आणि आपण यूपीएस ठेवतो टेबलाखाली, पीसीच्या गरम हवेच्या तोंडाशी. बर्डीच्या बाजारातून एक केव्हीएचा यूपीएस आणला आणि लिक्विडचे पैसे वाचले.

यूपीएस ठीक असेल तर पुढचा संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायवर घ्या. त्याच्या लेबलवरचे वॅट कुठल्या तापमानाला धरले आहेत हे बघा. चांगले युनिट ४० किंवा ५० अंशांना पूर्ण भार देतात. स्वस्तातली बरीचशी २५-३० अंशांचा हिशेब धरतात, तो आपल्याकडे मे महिन्यात लागूच होत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं म्हणून बरेच जण घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट बंद न होता गेला. का गेला ते त्यात नसतं.

आणि ज्यांच्याकडे इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरच्या दर्जाचे प्रोसेसर आहेत, आय९-१३९००के, १४९००के वगैरे, त्यांचे गेम नुसते कोसळत असतील तर उन्हाला दोष देण्याआधी बायोस (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. जास्त व्होल्टेज मागितल्यामुळे हे प्रोसेसर झिजत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज कुठलाही कूलर भरून काढत नाही.

खोली: खरा रेडिएटर हाच

आता त्या १६ अंशांकडे येऊ. ते कमी करायची जागा कॅबिनेटच्या बाहेर आहे.

सीलिंग फॅनने पीसी थंड होत नाही. आपल्याला बरं वाटतं कारण घाम वाळतो. पीसीला घाम येत नाही. फॅन फार तर खोलीतली हवा फिरवून पीसीच्या मागे साचलेला गरम गोळा मोडतो, तेवढा त्याचा उपयोग.

खिडकीतला कूलर मात्र खरंच कामाचा आहे, निदान जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगल्या ताट्यांतून येणारी हवा तिशीच्या आसपास असते. म्हणजे नवतपा (मे अखेरचे-जूनच्या सुरुवातीचे नऊ कडक दिवस) ऐन भरात असताना कूलरच्या खोलीतला पीसी वरच्या मजल्यावरच्या बिनकूलरच्या खोलीपेक्षा सात-आठ अंशांनी सुखात असतो. अट एकच, हवेला बाहेर पडायला वाट हवी. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की खोली दमट होते, ताट्यांतलं पाणी उडायचं थांबतं आणि गारवा जातो. पावसाळा लागला की हेच आपोआप होतं. ३२ अंश आणि ८० टक्के दमटपणात कूलर जेमतेम दोन अंश उतरवतो. म्हणून जुलैत "बाहेर तर गार आहे, पीसी का तापून राहिला?" हा प्रश्न येतो.

एक भीती मात्र काढून टाका. "कूलरच्या दमट हवेने लिक्विड कूलरच्या पाइपांवर दव धरेल, बोर्ड जळेल." धरत नाही. दव धरायला वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षा बरीच थंड लागते, आणि आपण सुरुवातीलाच पाहिलं की इथला कुठलाच भाग खोलीपेक्षा थंड होत नाही. चालू पीसीतलं सगळं हवेपेक्षा गरमच असतं. खरा धोका वेगळा आहे. पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवला तर हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, आणि बोअरच्या जड पाण्यातला क्षार त्यांच्याबरोबर. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच थोडा थोडा तुमच्या रेडिएटरच्या पात्यांवर आणि बोर्डावर बसतो. झोतापासून बाजूला, पण गार हवेच्या वाटेत, अशी जागा शोधा.

एसी असेल तर २६ वर लावून ठेवलेला पुरतो. ४०० वॅट ओढणारा पीसी तेवढीच उष्णता खोलीत सोडतो. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, त्याला हे जड नाही. बंद कपाटात किंवा लाकडी टेबलाच्या खणात ठेवलेल्या पीसीला मात्र एसीही वाचवत नाही.

उघडून बघा

बाजूचं पॅनल काढून तोच गेम तसाच अर्धा तास खेळा. फरक सात-आठ अंशांनी उतरला तर कॅबिनेटला श्वास घेता येत नाही. पुढून काचेचं पॅनल आणि आत आरजीबीचे तीन पंखे, हवा यायला मात्र कडेला बोटभर फट, असली कॅबिनेटं दिसायला झकास आणि नागपूरला निरुपयोगी. जाळीचं तोंड असलेलं साधं कॅबिनेट लिक्विड कूलरपेक्षा स्वस्तात पडतं आणि कार्डालाही गार करतं.

आधीच लिक्विड कूलर असेल तर रेडिएटरवरचे पंखे सोडून बघा. बाहेरून पंख्याची पाती स्वच्छ दिसतात, म्हणून लोक फसतात. पंखा बाजूला केला की पात्या आणि जाळीच्या मधोमध राखाडी नमद्यासारखा एकसंध थर निघतो, नखाने एका कोपऱ्यातून उचलला तर अख्खा उतरतो. आपल्या रस्त्यांच्या सिमेंटची धूळ, त्यात एप्रिल-मे मध्ये उडणारा सावरीचा कापूस. कापूस धूळ धरून ठेवतो, हे दोघं मिळून महिनाभरात जाळी बुजवतात. ब्लोअरने आतून बाहेर फुंका, आणि फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडतं.

मग पाइप चाचपा. लोडवर दहा मिनिटांनी दोन्ही पाइप हाताला जवळपास सारखेच कोमट लागले पाहिजेत. दोन पाइपांतल्या पाण्यात थोड्याच अंशांचा फरक असतो, तो हाताला कळतही नाही. एक पाइप चटका देतोय, दुसरा आणि रेडिएटर थंड आहे, प्रोसेसर काही सेकंदांत ९५ ला पोचतोय, म्हणजे पाणी फिरत नाही. पंप बंद पडलाय, त्याची पॉवरची पिन निघालीय, किंवा ब्लॉकच्या बारीक नाल्या गाळाने चोंदल्या आहेत. बायोसमध्ये पंपाचे फेरे बघा. तिथे शून्य असेल तर आधी पिन तपासा, मग वॉरंटीचं कार्ड शोधा. पंपाची वायर बोर्डावरच्या ज्या हेडरवर (पिनांच्या जागेवर) आहे तो बायोसमधून कायम पूर्ण वेगावर ठेवा. बरेच बोर्ड त्याला पंखा समजून थंडीत हळू करतात.

खळखळ असा आवाज येत असेल तर पंपात हवा शिरते आहे. लिक्विड कूलर पूर्ण सीलबंद असला तरी रबरी पाइपांतून पाणी वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं उडत राहतं, आणि गरम पाण्यात जास्त उडतं. त्या जागी हवा येते आणि हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा वर असायलाच हवा. कॅबिनेटच्या तळाला रेडिएटर लावला की सगळ्यात उंच जागा पंप होतो आणि हवा त्यातच अडकते. छताला लावलेला सगळ्यात निर्धास्त. पुढे लावायचा तर वरचं टोक पंपाच्या वर येतं का ते बघा.

आता, घ्यायचाच असेल तर

माझं स्पष्ट मत: रायझन ५ ५६००, ७६००, ७८००एक्स३डी, आय५-१२४००एफ, १३४००एफ असले प्रोसेसर फक्त गेमसाठी वापरणाऱ्याला नागपुरातसुद्धा लिक्विडची गरज नाही. दोन टॉवरचा, दोन १२० मिमी पंख्यांचा हवेचा कूलर त्यांना पुरून उरतो. त्यात पंप नाही, पाणी नाही. पाच वर्षांनी पंखा गेला तर तेवढाच बदलायचा, उरलेला तांब्या-ॲल्युमिनियमचा ठोकळा तुमच्या पुढच्या पीसीलाही चालेल.

लिक्विडचा विचार करा तो आय७-आय९च्या के प्रकारांसाठी (१४९००केची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे) किंवा रायझन ९साठी, आणि तेही व्हिडिओ रेंडर, थ्रीडी, तासन्तास सगळे कोर चालवणारं काम असेल तर. अशा वेळी २४० घेऊन अर्धवट काम करू नका, ३६० घ्या. मोठ्या रेडिएटरचा फायदा थंडीत दिसत नाही, मे महिन्यात दिसतो. खोली ३८ असताना पाणी ५० वर राहतं की ५६ वर जातं, हा फरक पंपाच्या आणि पाइपांच्या आयुष्याचा आहे. बहुतेक कंपन्या पाणी ६० अंशांच्या आत ठेवायला सांगतात. पुणे-बंगळुरूच्या लोकांना त्या ओळीकडे बघावं लागत नाही, आपल्याला लागतं. म्हणून पाण्याचं तापमान दाखवणारं मॉडेल असेल तर हजार रुपये जास्त गेले तरी तेच घ्या, आणि पंख्यांचा वेग त्या आकड्यावर बांधा. प्रोसेसरच्या आकड्यावर बांधले की पंखे दर दोन सेकंदांनी वर-खाली ओरडत राहतात आणि पाण्याला त्याचा काही उपयोग होत नाही.

दुकानातल्या चाचणीवर जाऊ नका. एसीच्या दुकानात दहा मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) चालवून "बघा, ६८ अंश" असं दाखवतात. त्यात खोटं काही नाही, पण पाण्याला पूर्ण तापायला वीस-तीस मिनिटं लागतात. पहिली दहा मिनिटं सगळेच लिक्विड कूलर देवमाणूस असतात. अर्धा तास चालवायला सांगा, आणि दुकानातलं तापमान विचारून फरक काढा. विकत घेताना आणखी दोन गोष्टी बिलावर किंवा वॉरंटीच्या कागदावर बघून घ्या: वॉरंटी किती वर्षांची (चांगल्या मॉडेलला पाच-सहा वर्षं मिळते) आणि पाणी गळून कार्ड-बोर्ड खराब झाले तर कंपनी भरून देते का.

रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावायचा की तोंडाला, हा वाद कायमचा आहे. छताला बाहेर फेकणारा लावला तर त्याला कार्डाची गरम हवा मिळते, प्रोसेसर तीन-चार अंश वर राहतो. पुढे आत घेणारा लावला तर प्रोसेसर खूश, कार्ड नाराज. गेमसाठी मी छताला लावतो, कारण गेममध्ये कार्ड वाचवायचं असतं आणि प्रोसेसरला तसंही फारसं काम नसतं.

कस्टम लूपबद्दल, म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः बांधलेल्या लिक्विड कूलरबद्दल, थोडक्यात. करायचाच असेल तर नागपुरात मऊ पाइप वापरा. पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या दिसतात सुंदर, पण त्यांचीही शिफारस ६० अंशांच्या आतली असते. एखाद्या दुपारी वीज गेली, खिडकीतला कूलर बंद पडला आणि पीसी इन्व्हर्टरवर चालत राहिला तर पाणी तिथे पोचायला वेळ लागत नाही. मग फिटिंगजवळ नळी नरमते आणि सरकते. आणि पाणी म्हणजे डिस्टिल्ड, त्यात गंजरोधक मिसळलेलं किंवा तयार कूलंट. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड मिळतं. आरओचं पाणी "तेच ते" नसतं, त्यात क्षार उरतात. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक एकाच लूपमध्ये आणू नका.

काही विकत न घेता

हे सगळ्यात शेवटी लिहिलं, पण करायचं सगळ्यात आधी. उष्णता बाहेर कशी काढायची याच्या आधी ती तयारच कमी कशी होईल ते बघा.

रायझनमध्ये इको मोड (प्रोसेसरची विजेची मर्यादा उतरवणारी सेटिंग) लावा. ७७००एक्स १४२ वॅटवरून ८८ वॅटवर येतो आणि गेममधल्या फ्रेम नावापुरत्या कमी होतात. कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवणारी सेटिंग) उणे १५ पासून सुरू करून हळूहळू उणे २५ पर्यंत न्या, मध्ये मध्ये तपासत. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांवर आणा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर फ्रेम १४१ वर बांधा, मेन्यूच्या पडद्यावर तीनशे फ्रेम काढून कुणाचं भलं होत नाही. एवढ्यानेच १०० वॅटच्या आसपास उष्णता कमी होऊ शकते, आणि ती खोलीतूनही जाते, म्हणजे फायदा दोनदा.

भाच्याने नवा यूपीएस लावला तेव्हा हेही केलं. कार्ड ८० टक्क्यांवर आणि फ्रेम ७५ वर, कारण मॉनिटरच तेवढ्याचा. आता त्याची तक्रार एवढीच उरली आहे की दुपारी खोलीत त्यालाच बसवत नाही.

वर्षाचं वेळापत्रक असं ठेवा: होळी झाली की कॅबिनेट उघडून धूळ काढायची, फरक मोजायचा आणि तारखेसकट आकडा पॅनलच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवायचा. मे च्या मध्यावर पुन्हा मोजायचा. दोन आकड्यांत पाचपेक्षा जास्त अंशांची वाढ दिसली तर आधी जाळी, मग पेस्ट, मग पंप, याच क्रमाने. पेस्ट साधारण दोन-तीन वर्षांनी बदला. दरवर्षी पेस्ट बाहेर सरकत असेल तर पेस्टऐवजी पीटीएम७९५० सारखं फेज-चेंज पॅड (तापल्यावर मऊ होऊन पसरणारं) लावून बघा. ते एकदा तापून बसलं की जागचं हलत नाही. लिक्विड कूलरला पाच वर्षं झाली असतील आणि वाढ पाचच्या वर असेल, तर पंपाचा आवाज ऐकत बसू नका. मे लागायच्या आत बदलून टाका, ऐन नवतप्यात हवा तो माल मिळेलच याची खात्री नसते.